सोनोतकीचा दोर

प्लेनोच्या मराठी मंडळात शैलेंद्र साठेबद्दल कुणाचीही तक्रार नव्हती. गणपतीत पार्किंगची ड्यूटी लावा, माणूस उन्हात उभा. पॉटलक संपून भांडी घासायची वेळ आली की बाकीच्यांना अचानक महत्त्वाचे फोन येतात, हा मात्र बाह्या सरसावून सिंकपाशी. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. असा माणूस कुठल्याही मंडळाला हवाच असतो, कारण तो अध्यक्ष व्हायला बघत नाही.

त्याच्याबद्दल मंडळाचा एकच गैरसमज होता. तो नवीन नवीन टेक्ससला आला तेव्हा एका पॉटलकला कुणाच्या तरी सासूबाई भारतातून आलेल्या होत्या. कोशिंबीर वाढता वाढता त्यांनी विचारलं, साठे म्हणजे मूळचे कुठले? हा म्हणाला, सांगलीकडचे. "अरे वा, म्हणजे आपलेच की," असं म्हणून त्यांनी आणखी एक डाव कोशिंबीर वाढली. साठे हे आडनाव कोकणस्थांत आहे तसं मातंगांतही आहे. पण प्लेनोच्या पॉटलकला ही दुसरी शक्यता कुणाच्या डोक्यात येत नाही. शैलेंद्र खोटं बोलला नाही. तो गप्प बसला आणि कोशिंबीर खाल्ली. पण माणूस एकदा गप्प बसला की पुढच्या वेळी तोंड उघडणं जड जातं, आणि त्याच्या पुढच्या वेळी त्याहून जड. बघता बघता पंधरा-वीस वर्षं गेली. आता मंडळाचा सेक्रेटरी प्रसन्न गोखले, जो त्याच्याच गल्लीत राहायचा आणि मनानं तसा चांगला होता, बोलण्याच्या ओघात "आपल्यात असं नाही करत" म्हणायचा, आणि शैलेंद्र मान हलवायचा.

मंडळाचं एक वेळ ठीक. पण घरात अनिका होती, त्याची सतरा वर्षांची मुलगी, इथेच जन्मलेली. तिला ठाऊक होतं ते एवढंच, की आजोबांचं नाव राजाराम, ते ती जन्मायच्या आधी वारले आणि ते शेती करायचे. प्रत्यक्षात राजाराम साठेंच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. ते दोर वळायचे. घायपाताची पानं ओढ्यात कुजवून, बडवून, त्यातून निघालेला पांढरा वाख वाळवून त्याचे कासरे, दावी आणि नाडे करायचे. गावातल्या प्रत्येक बैलाच्या गळ्यात त्यांच्या हातचं दावं असायचं, आणि पोळ्याला त्याच बैलांच्या मालकांच्या दारात ते पायरीखाली उभे असायचे. हे शैलेंद्रनं मुलीला सांगितलं नव्हतं. त्याची बायको दीपा सोलापूरची, त्याच समाजातली, हॉस्पिटलात नर्स. तिला ही लपवाछपवी कधीच पटली नव्हती. ती म्हणायची, "मंडळाला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. पण पोरीला तरी सांगा. उद्या दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तुमचं तोंड तिला बघवणार नाही." शैलेंद्र म्हणायचा, सांगतो. सांगायला चांगला दिवस मिळत नव्हता, एवढंच.

त्या वर्षी शाळेत अनिकाच्या भूगोलाच्या वर्गाला एक प्रोजेक्ट आलं. जगातली कुठलीही एक छोटी नगरपालिका घ्यायची आणि तिचा भूगोल आणि इतिहास मांडायचा, तोही शक्यतो तिथल्या माणसाला विचारून. ऑक्टोबरात पब्लिक लायब्ररीच्या हिरवळीवर कल्चर डे असतो, तिथे सगळ्यांनी आपापलं काम दाखवायचं. अनिकाच्या जोडीला इत्झेल चान नावाची मुलगी आली. इत्झेलचे आजोबा मेक्सिकोतल्या युकातानचे, सोनोतकी नावाच्या गावाचे. त्या गावाचं नाव शैलेंद्रनं कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकायचं काही कारणही नव्हतं.

एका शनिवारी तो अनिकाला घेऊन चानांच्या घरी गेला. सेव्हन्टी-फाइव्ह हायवेच्या पलीकडे, रेल्वेलाइनजवळच्या जुन्या प्लेनोत त्यांचं बसकं घर होतं. गॅरेजचं दार उघडं होतं. आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, आणि मधोमध इत्झेलचे आजोबा, डॉन आन्सेल्मो चान बसलेले; डॉन म्हणजे तिकडचं 'राव'. पंचाहत्तरीचे असावेत, ठेंगणे, रुंद खांद्यांचे, एक गुडघा आखडलेला. शैलेंद्रचा विचार होता की मुलीला सोडावं आणि कारमध्ये बसून ईमेल बघावेत. पण म्हाताऱ्यांनी एक खुर्ची पायानं त्याच्याकडे सरकवली, आणि वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणणं त्याला अमेरिकेत इतकी वर्षं काढूनही जमत नव्हतं.

म्हातारे स्पॅनिशमध्ये बोलत, मधूनच तिथल्या मूळच्या माया लोकांच्या भाषेतला एखादा शब्द येई, आणि इत्झेल इंग्रजीत सांगे. अनिकानं आधी पुस्तकातले प्रश्न विचारले. गावातली नदी कुठली? नदी नाही. डोंगर? तोही नाही. सगळा मुलूख ताटासारखा सपाट, खाली चुनखडीचा दगड, वर वीतभर माती. पाऊस पडला की दगडातून झिरपून थेट जमिनीच्या पोटात जातो, वर थेंब राहत नाही. म्हणून जिथे दगड आपोआप खचून विहीर उघडी पडली, तिथेच माणसांनी वस्ती केली. सोनोतकी म्हणजे घायपाताची विहीर. गावातली सगळ्यात उंच जागा म्हणजे जुन्या माया देवळाचा ढिगारा. तोही पूर्वी आणखी उंच होता. स्पॅनिश लोकांनी त्याचेच दगड काढून शेजारी चर्च बांधलं, त्यामुळे देऊळ बुटकं झालं आणि चर्च उंच झालं. बाकी नगरपालिका म्हणायची ती एक चौक, एक बाजार, एक शाळा आणि नगराध्यक्षांची पिवळी कचेरी एवढीच. कचेरीच्या ओट्यावर दुपारी कुत्री झोपतात, आणि कामाला आलेले लोक त्यांना ओलांडून आत जातात, असंही त्यांनी सांगितलं.

अनिकानं विचारलं की मग तुम्ही प्राचीन माया लोकांचे वंशज का? इत्झेलनं भाषांतर केलं आणि म्हातारे हसले. म्हणाले, वंशज कसले, आम्ही मायाच. आजी माया, मी माया, ही पोरगी प्लेनोत जन्मली तरी माया. हे त्यांनी आपल्या गुडघ्याबद्दल सांगावं इतक्या सहज सांगितलं. शैलेंद्रला का कोण जाणे, खुर्चीत नीट बसवेना.

मग इतिहास आला. वीतभर मातीत गहू होत नाही, ऊस होत नाही, घायपात मात्र माजतं. स्पॅनिश मळेवाल्यांनी मैलोन्‌मैल घायपात लावलं आणि सोनोतकीच्या लोकांना त्यावर वेठीला धरलं. म्हातारे म्हणाले, "विहीर होती म्हणून आमच्या लोकांनी गाव वसवलं. आणि आम्ही होतो म्हणून मळेवाल्यांनी मळा वसवला." तिथला दोर बोटींतून अमेरिकेत यायचा, कॅन्ससच्या गव्हाच्या पेंढ्या त्यानं बांधल्या जायच्या. पुढे क्रांती झाली, जमिनी वाटल्या गेल्या, डॉन आन्सेल्मोंच्या वडिलांना आपला तुकडा मिळाला. आता बरे दिवस येणार, तोच नायलॉन आला. सोनोतकीचा दोर कुणी फुकट घेईना. निम्मं गाव कामासाठी बाहेर पडलं, आणि डॉन आन्सेल्मो घरांची छपरं घालत घालत टेक्ससला पोचले.

एवढं सांगून त्यांनी खुर्चीखालून पिशवी ओढली आणि वाखाचा जुडगा काढून मुलींच्या हातात दिला. पांढरा, लांब, केसांसारखा. त्यांनी त्यावर पाण्याचा हबका मारला आणि तो ओला वास गॅरेजभर पसरला. शैलेंद्रनं तो लगेच ओळखला. तोच वास. वडिलांच्या अंगरख्याचा, आईच्या लुगड्याचा, शाळेत ज्या वासावरून पोरं नाक दाबायची तो. आणि तोंडातून आपोआप निघून गेलं, "पण ओढा नाही, तळं नाही, मग पानं कुजवता कशात?"

प्रश्न इंग्रजीत होता, इत्झेलनं तो सांगितला. डॉन आन्सेल्मोंनी उत्तर दिलं, कुजवत नाही, हिरवंच पान खरवडतो. पण उत्तर देताना ते शैलेंद्रच्या तोंडाकडे बघत नव्हते, हातांकडे बघत होते. वाख काढायला पान कुजवावं लागतं, हे कॉम्प्युटरवाल्या माणसाला कुठून ठाऊक?

परतताना कारमध्ये अनिका आपली टिपणं चाळत होती. मग म्हणाली, "बाबा, इत्झेलला तिच्या आजोबांचं सगळं माहितीये. आय नो नथिंग. आपले आजोबा काय करायचे, एक्झॅक्टली?"

सांगायचा चांगला दिवस चालून आला होता. सिग्नल लाल होता, घाई नव्हती, मागे हॉर्न वाजवणारं कुणी नव्हतं. शैलेंद्र म्हणाला, "सांगितलंय ना, शेती."

"कसली?"

"ज्वारी," तो म्हणाला, आणि सिग्नल हिरवा झाला. आतापर्यंत तो शेती एवढंच मोघम म्हणून गप्प बसत आला होता. आज पहिल्यांदा तो पोरीशी धडधडीत खोटं बोलला होता, तेही पिकाच्या नावासकट. घरी आल्यावर दीपानं त्याचा चेहरा बघितला आणि चहा पुढे ठेवला. तो त्याला कडू लागला.

कल्चर डेच्या दिवशी हवा छान होती. लायब्ररीच्या हिरवळीवर टेबलांच्या रांगा लागल्या होत्या. मराठी मंडळाचं टेबल प्रसन्ननं थाटात सजवलं होतं. पैठणी, पितळी समई, मोदकाचे साचे, आणि मागे किल्ल्यांचं मोठं पोस्टर. त्या पोस्टरपाशी उभं राहून येणाऱ्यांना महाराष्ट्राचा भूगोल-इतिहास सांगायची ड्यूटी शैलेंद्रकडे होती. महाराष्ट्रातलं सगळं त्या टेबलावर होतं, फक्त बैल बांधायला काही नव्हतं. पण बैलही नसल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

अनिका आणि इत्झेलची जागा समोरच, हिरवळीच्या दुसऱ्या टोकाला होती. त्यांनी दोर वळून दाखवायचं ठरवलं होतं. एका खांबाला लाकडी फिरकी बांधली होती. तिच्या आकड्याला वाखाचा फास अडकवायचा, एकानं फिरकी फिरवायची आणि दुसऱ्यानं कमरेला खोचलेला वाख थोडा थोडा सोडत मागे मागे चालायचं. चालणारा जेवढा मागे जाईल तेवढा लांब पेड. असे तीन पेड झाले की ते उलट्या पिळानं एकत्र वळायचे, की झाला तीनपेडी दोर. मागे चालायला इत्झेलचे मामा येणार होते, पण त्यांना सकाळीच छपराच्या कामावर जावं लागलं. डॉन आन्सेल्मोंचा गुडघा मागे चालण्याच्या लायकीचा नव्हता. ते फिरकीवर बसले, इत्झेल येणाऱ्यांना माहिती सांगायला टेबलापाशी थांबली आणि अनिका वाख घेऊन उभी राहिली.

पहिला पेड दहा पावलांवर तुटला. दुसरा त्याही आधी. तिसऱ्या वेळी अनिका मागे वळून बघायला गेली, पाय अडखळला आणि ती गवतात बसली. भोवती जमलेली पोरं हसली. तसं हसण्यात काही वाईट नव्हतं, पण अनिका लाल झाली. तिनं पुन्हा फास अडकवला.

शैलेंद्र पोस्टरपाशी उभा राहून एका बाईंना रायगडाबद्दल सांगत होता. सांगता सांगता तो थांबला. तिची चूक त्याला इथून दिसत होती. हात कोरडे होते, वाख उजव्या बाजूला घेतला होता, आणि ती मागे बघत होती. मागे बघितलं की हात सैल पडतो आणि हात सैल पडला की पेड तुटतो. त्याला आठ वर्षांचा असतानाची चिंचेखालची जागा आठवली. वडील फिरकीवर, तो वाख घेऊन मागे मागे निघालेला. पाठीमागे दगड आहे, खड्डा आहे की म्हैस आहे काही कळायचं नाही, जीव घाबरा व्हायचा. वडील समोरून ओरडायचे, "मागं बगू नगं. माज्याकडं बग. मागलं मी बगतो." आणि ते खरंच बघायचे. डावीकडं हो म्हणायचे, उचल पाय म्हणायचे. त्यांचा चेहरा लांब लांब जायचा, पण दोघांच्या मध्ये तो पेड ताणलेला असायचा. गावची पोरं त्याला उलट्या पायाचं भूत म्हणायची. त्या शब्दाची त्याला लाज वाटली होती, ती आजवर. वडिलांनी पाठीमागची वाट सांभाळली होती आणि त्यानं मात्र वडिलांनाच पाठीमागे टाकलं होतं. पोस्टरवरच्या किल्ल्यांसमोर उभ्या उभ्या त्याला हे कळलं.

चौथा पेड तुटला. डॉन आन्सेल्मोंनी फिरकी थांबवली, मान वर केली आणि हिरवळीच्या पलीकडे सरळ शैलेंद्रकडे बघितलं. वाखाचा जुडगा हातात घेऊन फक्त थोडासा वर धरला. घ्यायचा असेल तर घे, नाही तर राहू दे, असा.

शैलेंद्र रायगडावरून तसाच खाली उतरला. हिरवळ ओलांडून गेला, अनिकाच्या हातून वाख घेतला आणि डाव्या कमरेला खोचला. बादलीत हात बुडवले. फास आकड्याला अडकवला आणि डॉन आन्सेल्मोंना मान हलवून खूण केली. फिरकी फिरली. हातांनी तीस-पस्तीस वर्षं वाखाला स्पर्श केला नव्हता, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते हातांनाही लागू असावं. बोटांतून वाख सुटत गेला, पेड सुतासारखा बारीक आणि सारखा उतरत गेला, आणि तो डॉन आन्सेल्मोंच्या चेहऱ्यावरची नजर न हलवता मागे मागे चालत गेला. हसणारी पोरं त्याच्याबरोबर सरकत बघू लागली. अनिकाचा आ वासलेला होता.

दोन पेड झाले. तोवर प्रसन्न टेबल सोडून जवळ आला होता. त्याच्या चेहऱ्यावर निखळ कौतुक होतं. "शैलू, कमाल आहे यार. हे कुठे शिकलास? यूट्यूबवर?"

पळवाट आयती पुढे आली होती. हो म्हटलं असतं तर प्रसन्ननं पाठ थोपटली असती आणि दिवस छान पार पडला असता. शैलेंद्रनं ओले हात पँटला पुसले.

"वडिलांकडून," तो म्हणाला. "आम्ही मातंग, प्रसन्न. दोर वळणं हे आमच्या घरचं काम. गावातल्या सगळ्या बैलांची दावी माझ्या वडिलांच्या हातची होती."

प्रसन्नचं हसू तसंच राहिलं, कारण ते कुठे न्यावं हे त्याला कळेना. "नाही, म्हणजे... सांगलीचे साठे, आम्हाला वाटलं..."

"तुम्हाला वाटलं आणि मी वाटू दिलं. चूक माझीही आहे."

प्रसन्ननं एकदा टेबलाकडे बघितलं, एकदा गवताकडे, आणि तो परत आपल्या समईपाशी जाऊन उभा राहिला. शैलेंद्रला त्याक्षणी त्याचं काही वाटलं नाही. त्याचं सगळं लक्ष अनिकाकडे होतं. ती डॉन आन्सेल्मोंच्या शेजारी उभी होती आणि तिचे डोळे भरले होते.

"सो ज्वारी नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती. जमीनच नव्हती."

"यू लाइड टु मी."

"हो," शैलेंद्र म्हणाला. "लाज वाटायची. आता त्या लाजेचीच वाटते."

अनिकानं डोळे पुसले. राग गेला नव्हता, तो चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता आणि तो पुढे घरी येणार होता. पण तिनं वाकून, फिरकीकडे बोट दाखवत डॉन आन्सेल्मोंना काहीतरी विचारलं. म्हाताऱ्यांनी गुडघा धरत उठून जागा दिली आणि ती फिरकीवर बसली.

तिसरा पेड राहिला होता. शैलेंद्रनं फास अडकवला. अनिकानं फिरकी फिरवायला सुरुवात केली, आधी धसमुसळी, मग हळूहळू सारखी. तो मागे निघाला. मुलीचा चेहरा लांब लांब जाऊ लागला. पाठीमागे काय आहे ते त्याला दिसत नव्हतं, आणि त्यानं बघितलं नाही.

"बाबा, डावीकडे," अनिका ओरडली. "बादली आहे." तो डावीकडे झाला. "आता सरळ. सरळ ये."

तो सरळ गेला. आणखी काही पावलांवर तिची फिरकी जराशी मंदावली. बादली चुकवताना वाट तिरपी झाली होती, त्यामुळे त्याच्या मागे आता मंडळाचं टेबल होतं, आणि पेड तर अजून पुरा व्हायचा होता.

"बाबा, थांबू नकोस," ती म्हणाली, आणि मग त्याच्या डोक्यावरून पलीकडे, मोठ्यानं, मराठीत, "प्रसन्न काका, टेबल जरा सरकवा ना. माझ्या आजोबांचा दोर आहे, त्याला जागा लागते."

मागे पितळेचा आवाज आला, समई उचलून बाजूला ठेवल्याचा. त्यानंतर टेबलाचे पाय गवतावरून घासत गेले. शैलेंद्रनं वाख सोडला आणि मुलीकडे बघत आणखी एक पाऊल मागे टाकलं.